रिपेअरनंतर कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतंय? आधी बिल समोर घ्या

वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, नाहीतर रेडिएटर काढून साफ करून बसवला. गाडी घरी आली, चार-आठ दिवस बरे गेले आणि मग बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, खाली जायला लागलं. भरलं, परत खाली. गॅरेजला नेली की टोपण बदलतात, पुढच्या वेळी होस बदलतात आणि तिसऱ्या खेपेला मेस्त्री चेहरा गंभीर करून सांगतात, "हेड गॅस्केट गेलंय वाटतंय", म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे नवं नाही.

दहा वर्षं चाललेली गाडी आपोआप गळायला लागणं वेगळं आणि पाना लागल्यावर आठवड्याभरात गळायला लागणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दोष बहुतेक वेळा हात लागला तिथेच, नाहीतर त्याच्या वीतभर अंतरात असतो. म्हणून नवीन पार्ट आणायच्या आधी बिल समोर घ्यायचं आणि मेस्त्रींना विचारायचं की हा पार्ट काढायला काय काय उघडलं होतं. बिलावर नुसतं "वॉटर पंप" असतं. पण पंपापर्यंत पोचायला खालचा मोठा होस सुटलेला असतो, हीटरचा पाईप सैल केलेला असतो, रेडिएटरच्या बुडाचा ड्रेन प्लग फिरवलेला असतो, कधी पंख्याचा कनेक्टर काढलेला असतो. ही सगळी संशयितांची यादी. ती कागदावर लिहून काढा आणि गळती शोधताना तेवढ्याच जागा आधी बघा.

हे कूलंटच आहे ना?

एसी लावून गाडी उभी केली की पुढच्या डाव्या सीटच्या खालच्या बाजूला स्वच्छ पाणी ठिबकतं. रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. ते ठिबकायलाच हवं. कूलंट बोटाला किंचित तेलकट-चिकट लागतं, त्याला गोडसर वास असतो आणि रंग असतो. चव घेऊन बघणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे.

दुसरी गोष्ट, काम करताना सांडलेलं कूलंट इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये साचून राहतं आणि पुढचे एक-दोन दिवस वळणावर, ब्रेकवर थोडं थोडं सांडत राहतं. ही गळती नव्हे. चांगला मेस्त्री गाडी देताना तिथे पाणी मारून देतो. दिलं नसेल तर इंजिन गार असताना आपणच मारावं, म्हणजे नंतर दिसलेला थेंब नवा आहे याची खात्री राहते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी-कणकुंबीकडे उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीखालचे डाग वाचायचा प्रयत्नच करू नका. छपराखाली घ्या आणि खाली मोठ्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखा. सकाळी डाग कुठे पडलाय यावरून तो रेडिएटरखाली आहे, पंपाच्या बाजूला आहे की मागे हीटरच्या पाईपखाली आहे, हे कळतं. थेंब वाऱ्याने आणि उताराने सरकून भलतीकडे पडू शकतो, तरी शोधायला दिशा मिळते.

गार इंजिन, टॉर्च आणि पांढरी पूड

बॉनेट उघडायचं ते सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. गरम इंजिनचं टोपण उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं कूलंट थेट हातातोंडावर येतं. एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात छोटा आरसा, किंवा मोबाईलचा कॅमेरा होसच्या मागे घालून फोटो काढा. ओला थेंब शोधू नका, वाळलेली खूण शोधा. कूलंट गरम धातूवर पडलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि पांढरट, हिरवी किंवा गुलाबी पूड मागे राहते. होसच्या तोंडाशी, पंपाच्या सांध्याखाली, थर्मोस्टॅटच्या घराच्या कडेला आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची ॲल्युमिनियमच्या पत्र्याशी जिथे घडी मारलेली असते तिथे ही पूड दिसते. खुणेच्या सगळ्यात वरच्या टोकाला गळतीचं तोंड असतं. खालचा डाग बघून पार्ट बदलला तर तो वाया जातो.

वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून कूलंट बाहेर येतं, बेअरिंगमध्ये जात नाही, म्हणूनच ते भोक दिलेलं असतं. नवीन पंपाला सुरुवातीला तिथे किंचित ओल दिसली तर चालतं. धार लागली किंवा आठवड्याने पूड साठत असली तर तो पंप खराब निघाला असं समजा. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर हे भोक कव्हरच्या आत असतं आणि कूलंट कव्हरच्या तळातून ठिबकतं. अशा वेळी बेल्ट भिजलाय का हे बघून घ्या. कूलंट प्यायलेला बेल्ट पुसून परत चढवणं मला पटत नाही. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

डोळ्यांना काहीच दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर. टोपणाच्या जागी बसणारा अडॅप्टर, हातपंप आणि घड्याळाचा काटा, इतकंच ते साधन. रेडिएटरचं काम करणाऱ्या दुकानांत असतं. टोपणावर जेवढा आकडा छापलाय, समजा 0.9 किंवा 1.1 बार, तेवढाच दाब भरायचा, वर एक दमही नाही. दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट आत जातंय: केबिनमध्ये हीटरच्या जाळीतून, नाहीतर इंजिनच्या पोटात. ही टेस्ट गार इंजिनवर करा आणि कोमट इंजिनवर पुन्हा करा. असं दोनदा का, हे दाजींच्या गाडीवरून कळेल.

दाजींची हॅचबॅक

आमचे दाजी खानापूरला असतात, जुनी डिझेल हॅचबॅक आहे. वॉटर पंप बदलल्यापासून आठवड्याला बाटली मॅक्सवरून मिनिममला यायची. गाडीखाली कधी थेंब नाही. गॅरेजला गेल्यावर व्हायचं ते असं:

"मेस्त्री, परत पाणी खाऊलालंय बघा."

"नवं पॅकिंग हाय हो. बसतंय की. दोन दिस चालवून बघा."

पॅकिंग बसत नाही. ते बसवतानाच बसतं, किंवा बसत नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, पंपाच्या घरांचे फेस (सांध्याचे सपाट पृष्ठभाग) मारणं हे आमचं रोजचं काम, त्यामुळे या एका वाक्यावर माझा राग जरा जास्तच आहे.

गाडी बेळगावला आणून रेडिएटरवाल्याकडे दाब भरला. इंजिन कोमट होतं, काटा हलला नाही. रात्रभर तिथेच ठेवली, सकाळी परत भरला आणि काटा हळूहळू उतरायला लागला. खालच्या मोठ्या होसच्या तोंडाशी, पंपाच्या बाजूला, थेंब फुगून खालच्या कव्हरवर पडत होता. कव्हरवर आधीच गुलाबी पूड होती, म्हणजे कूलंट तिथेच वाळत होतं, म्हणून जमिनीवर काही येत नव्हतं. होस काढला तेव्हा रबरावर दोन वळ दिसले. एक कंपनीच्या स्प्रिंग क्लिपचा, रुंद आणि सारखा. दुसरा नव्या स्क्रूच्या क्लिपचा, तिरका आणि एका बाजूला रबरात घुसलेला. पंपाच्या नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो, त्याच्या आत क्लिप बसायला हवी. ही अर्धी उंचवट्यावर चढली होती. इंजिन गरम झालं की रबर-धातू फुगायचे आणि तोंड बंद व्हायचं. पहाटे सगळं आकसलं की झिरपायचं. स्प्रिंगची क्लिप होसबरोबर आकसते आणि फुगते, म्हणून कंपनी ती देते. नवीन होस, नवी स्प्रिंग क्लिप, जुन्या वळाच्या जागी. गळती बंद झाली. त्याआधी टोपण बदलून झालं होतं, वरचा होस बदलून झाला होता आणि हेड उतरवायचा अंदाज काढून झाला होता.

पॅकिंग, ओ-रिंग आणि पेस्टचा गिलावा

होसनंतर नंबर पॅकिंगचा. नवीन पार्ट बसवताना जुन्या पॅकिंगचे पापुद्रे फेसवर राहिले, किंवा ते काढताना पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडले, की पॅकिंग कितीही चांगलं असो, झिरपणारच. त्यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे सिलिकॉन पेस्ट थापणं. पेस्ट जिथे कंपनीने सांगितली आहे तिथे बारीक दोरीसारखी लावायची असते. जास्त लावली की ती दाबून आत निघते, तुटते आणि कूलंटबरोबर फिरून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकते. शिवाय बहुतेक सिलिकॉन पेस्टला पूर्ण पकडायला साधारण 24 तास लागतात. संध्याकाळी पेस्ट लावून तासाभरात कूलंट भरलं आणि गाडी हातात दिली, तर तो सांधा पहिल्या दिवसापासून कच्चा. ओ-रिंग (रबराची गोल कडी) असेल तर तिथे पेस्ट लागतच नाही. ओ-रिंग नवी हवी, खाचेत पिळा न पडता बसलेली हवी आणि तिला कूलंटचा हात फिरवलेला हवा.

बोल्टही तसेच. पंपाचे, थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट बहुतेक दहाच्या पान्याचे, म्हणजे सहा मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण 10 न्यूटन-मीटर एवढीच ताकद लागते. लांब दांड्याच्या पान्याने "अजून जरा" म्हणत आवळले की ॲल्युमिनियममधले आटे निघतात, नाहीतर प्लास्टिकचं घर तडकतं. ही तड डोळ्यांना दिसत नाही, दाब भरला की केसाएवढी उघडते.

टोपण आणि बाटली

गळती न दिसता कूलंट कमी होण्याचं एक साधं कारण म्हणजे टोपण. ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: ठरलेल्या दाबापर्यंत धरून ठेवतं, वर गेला की सोडतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी साडेसत्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं आणि इंजिन तर नव्वदीतच चालतं. एक बारच्या टोपणाखाली साधं पाणीही 120 अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाची स्प्रिंग मेली की हा सगळा फायदा गेला. घाटात कूलंट उकळून बाहेर पडतं आणि आपण होसला दोष देत बसतो. टोपणाचं रबर कडक झालंय का, त्यावर खोल वळ पडलाय का, बघा. नवीन घेताना आकडा जुन्यावर छापलेलाच हवा. जास्त आकड्याचं टोपण लावून "मजबूत" करणारे लोक जुन्या रेडिएटरची टाकी फोडून घेतात.

ज्या गाड्यांत टोपण रेडिएटरवर आणि बाटली बाजूला, त्यांत एक फसवा प्रकार होतो. बाटली भरलेली दिसते, रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. इंजिन गार होताना रेडिएटर बाटलीतलं कूलंट ओढून घेतो. मधली बारीक नळी चिरलेली असेल किंवा काम करताना बाटलीच्या तळापर्यंत पोचवली नसेल, तर तो हवा ओढतो. म्हणून गार इंजिनवर टोपण उघडून रेडिएटरमध्येही डोकावा. आणि सकाळी वरचा मोठा होस चपटा होऊन बसलेला दिसला तर टोपणातला मधला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय.

बाटली मॅक्सच्या वर भरू नका. गरम झाल्यावर जास्तीचं बाहेर फेकलं जातं आणि उगाच गळतीचा भास होतो.

हवा राहिली असेल तर

पार्ट बदलल्यावर सिस्टममध्ये हवा राहणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी गोष्ट. काटा अचानक चढतो, अचानक उतरतो. इंजिन गरम असूनही हीटरमधून गार हवा येते. डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू येते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे ही खूण कोणाच्या लक्षातच येत नाही.

गाडीचं नाक चढावर करा. हीटर पूर्ण गरमवर, पंखा बारीक. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर उघडा, फनेलने हळूहळू भरा, स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. इंजिन आयडलवर चालू ठेवा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. वरचा होस एकदम गरम लागला की तो उघडला. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. पंखा लागलाच नाही तर काटा लाल होण्याआधी इंजिन बंद करून कनेक्टर बघा, कामानंतर तो जोडायचा राहून जातो. गाडी पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, खाली गेलेली असेलच. एकदा टॉप-अप लागणं ठीक. त्यानंतरही रोज लागत असेल तर हवा नाही, गळती आहे.

हेड गॅस्केटचं नाव कधी घ्यावं

टोपण उघडं ठेवून गार इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, डिपस्टिकचं ऑईल दुधी झालं असेल, तर हेड गॅस्केटचा संशय रास्त. तेव्हाही आधी ब्लॉक टेस्ट करून घ्या: बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात, इंजिनचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळट पडतो. यातलं काहीच नसताना हेड उतरवायला होकार देऊ नका. हेड उतरलंच तर सरळ पट्टी आणि फट मोजायचं फिलर गेज लावून वाक तपासून घ्या. फेसिंग करायला बेळगावात दूर जावं लागत नाही.

काय भरलंय आत?

वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत आतून गंज आणि क्षार चढलेले असतात. अशा गाडीत कामानंतर चांगलं कूलंट भरलं की खपली सुटते आणि खपलीनेच बंद ठेवलेली भोकं उघडी पडतात. तिथे दोष कूलंटचा नाही. कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं) असेल तर बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. प्रीमिक्स (पाणी आधीच मिसळलेलं) असेल तर त्यात पाणी घालू नका. हिरव्यात गुलाबी मिसळू नका, आणि फक्त रंग जुळला म्हणून एकच प्रकार आहे असंही समजू नका, डब्यावरचा प्रकार वाचा.

हळद, अंडं, लीक थांबवायची पावडर: वाटेत अडकलात तर घरी पोचण्यापुरतं समजू शकतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत टाकणं म्हणजे हीटरची जाळी आणि रेडिएटर दोन्हीवर पाणी सोडणं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

घाटात जायच्या आधी

दुरुस्तीनंतर लगेच चोर्ला किंवा अनमोड घाटाने गोव्याला निघू नका. गोव्याहून परत चढताना खालचा गिअर, कमी वेग, एसी आणि मागे रांग, सिस्टमची खरी परीक्षा तिथेच होते, आणि कणकुंबीच्या आसपास मोबाईलच्या रेंजवर विसंबता येत नाही. आधी काकतीवरून वंटमुरी घाटापर्यंत हायवेने जाऊन या. काही झालं तर मदत जवळ आहे. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि पातळी बघा.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. वाफ किंवा धार दिसली तर इंजिन लगेच बंद करा. टोपणाला हात लावायच्या आधी किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड तडकतं.

गॅरेजला परत जाताना

"परत गळतंय" एवढंच सांगितलं की पुन्हा अंदाजाने पार्ट बदलला जातो. पुठ्ठा, पुडीचा फोटो, प्रेशर टेस्टचा निकाल घेऊन जा आणि म्हणा, "मेस्त्री, इथनं येतंय, गार असताना." बहुतेक मेस्त्री जागा दाखवली की वाद घालत नाहीत, पाना उचलतात. जुना पार्ट मागून घ्या. बिल कन्नडमध्ये असो की मराठीत, त्यावर तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम लिहिलेलं हवं. पार्टची वॉरंटी किती आणि मजुरीची किती हे वेगवेगळं विचारा. तरीही टोलवाटोलवी झाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेची तक्रार बसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल नसेल तर तिथे बोलायला काही उरत नाही.